अतिगुप्त चावी

गुप्तता हा सुसंस्कृत जीवनाचा पाया आहे, असं माझं ठाम मत आहे. (आमच्या नेरच्या घरात आतून लागणारी कडी फक्त न्हाणीघराला आहे. तीही ढिली.)

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो, तो परत न जाण्याच्या इराद्यानं. पुण्याच्या खोलीत मी रात्रभर खोकलो तरी "काय झालं?" विचारणारं कोणी नव्हतं. इथे नुसता शिंकलो तरी शेजारच्या राठोडकाकू काढा घेऊन हजर! साहेब म्हणाले होते, "सगळं सुरक्षित राहत असेल तर करा घरून काम."

सुरक्षित म्हणजे असं : आमचे प्रोग्राम ज्या वेबसाइटवर ठेवतात, तिच्यासाठी संगणकावर दोन चाव्या बनवायच्या. चाव्या कसल्या, अक्षरांची लांबलचक भेंडोळी! सार्वजनिक चावी वेबसाइटला द्यायची. खासगी चावी मात्र आपल्याच संगणकात ठेवायची, जन्मात कोणाला दाखवायची नाही. दोन्ही बनवल्या आणि बाबांना समोर बसवून मी त्यावर व्याख्यान दिलं.

"म्हंजे हे खासगीवाली एकच हाये?"

"एकच."

"राठोडबाईलेही द्याची नाही?"

"कोणालेच नाही, बाबा!"

"अन् हारपली त?"

"त काम बंद. जा लागन पुण्याले परत."

बाबांनी मान डोलावली. मला वाटलं, व्याख्यान पटलं.

आता आमच्या गल्लीत प्रत्येक घराची दुसरी चावी शेजारी असते. अर्ध्या गल्लीच्या चाव्या राठोडकाकूंच्या दारामागे खिळ्यांना लटकतात. मी आंघोळीला गेलो, तशी बाबांनी माझ्या बहिणीला, सुषमाला, लॅपटॉपवर बसवलं. तिला फाइल लगेच सापडली. सापडणारच! मी तिचं नाव 'अतिगुप्त चावी' ठेवलं होतं.

डोकं पुसत बाहेर येतो तो चावी कुटुंबाच्या ग्रुपवर! मुकुटबनच्या मामांनी हात जोडले होते. महागावच्या आत्यानं "खूप छान विचार" असं लिहून ती भजनी मंडळाच्या ग्रुपवर पुढे धाडली होती. आणि राठोडकाकू दारात उभ्या.

"आली बरं मोबाइलात! डिलीट नाही करत मी, फिकर नोको करू."

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

"आता हारपून दाखव म्हणा तिले!" बाबा खुशीत म्हणाले. "आता कुठीच जा लागत नाही तुले."

मी वेबसाइटवरची जोडीची चावी काढून टाकली, म्हणजे ग्रुपवर फिरणारी निकामी झाली. नियमाप्रमाणे साहेबांनाही कळवलं. साहेब आधी खूप हसले. मग म्हणाले, "सोमवारपासून ऑफिसात या."

बसस्टँडवर बाबांनी माझी बॅग शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

"नवी बनते नं रे ते?"

"बनते."

"मंग इथंच बनव नं."

बस लागली होती.

नवी चावी मी पुण्यात बनवली. ती अजून कोणालाही दिलेली नाही. कोणी मागितलीही नाही.