तक्त्यातलं चौथं कारण

मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावरच्या एका गावात मी मास्तर म्हणून लागलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बेगारीविरुद्ध, सावकारीविरुद्ध, जातीविरुद्ध. बरीचशी तोंडपाठ. वर्गातही मी त्याच आवाजात शिकवायचो.

त्या पावसाळ्यात मास्तरांना शिकवणाऱ्या नॉर्मल स्कूलमधून एक छापील तक्ता आला. कोणती मुलं शिकत नाहीत आणि का, याचा अभ्यास तिथं चालला होता. कारणं तीनच छापलेली: मंदबुद्धी, गैरहजेरी, पालकांची अनास्था. तपासणीला येणारे साहेब 'मंदबुद्धी'समोरची नावं पटावरून कमी करतील, असं हेडमास्तरांनी सांगितलं.

दुसरीत एक मुलगी होती. हाक मारली तर वळायची नाही, पाढा विचारला तर गप्प. फळ्यावरचं मात्र पाटीवर बिनचूक उतरवायची.

"मंद लिहा आणि सुटा," हेडमास्तर म्हणाले.

मला ते मान्य नव्हतं. मूल मंद नसतं, त्याला मंद ठेवतात, असं माझं मत होतं. म्हणून मी कोतवालाकरवी दवंडी पिटवली की सगळ्या पालकांनी सकाळी शाळेत हजर व्हावं. एकही माणूस आला नाही. तिच्या नावापुढं मी 'पालकांची अनास्था' लिहिलं आणि ते तिच्या आईला वाचून दाखवायला निघालो.

आई धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, करत होती, चिखलात पिंढऱ्यांपर्यंत.

"दवंडी आयकली नाई का, बाई?" मी विचारलं.

"आयकली. म्हणून त गाव जंगलात गेला. दवंडी झाली का साहेबाचं सामान उचला लागते."

बेगार कायद्यानं बंद झाली होती, पण दवंडीची हलगी तीच होती. बेगारीविरुद्धची पत्रकं मी स्वतः बाजारात वाटली होती, आणि लोकांना बोलावलं ते बेगारीच्याच हलगीनं.

"माह्या पोरीले शिकता येत नाई म्हणता?" असं म्हणून ती बांधावर बसलेल्या मुलीकडं वळली. आवाज न काढता नुसते ओठ हलवले. मुलगी उठली आणि रोपांच्या मोजून सात जुड्या घेऊन आली.

"बुखार आला होता, तवापासून कानानं आयकू येत नाई. तोंड पाहून समजते तिले."

"मग वर्गात काऊन समजत नाई?"

रांगेतली एक म्हातारी न थांबता म्हणाली, "गुरुजी, तुमच्या मिशीत तोंड कुठी हाय?" सगळ्या बाया हसल्या.

आई हसली नाही. "मी खिडकीतून पाह्यलं. तुमी फळ्याकडं तोंड करून बोलता. नाई त कागद तोंडासमोर धरता."

ती मिशी मी एका पत्रकावरच्या क्रांतिकारकाचं चित्र बघून वाढवली होती. दुसऱ्या दिवशी ती काढून शाळेत गेलो. हेडमास्तरांनी छत्री मिटली आणि हळूच विचारलं, "घरी कोण गेलं?" आमच्याकडं मिशी एरवी कोणी काढत नाही.

त्यानंतर मी मुलीकडं तोंड करून शिकवू लागलो. आधी बोलायचो, मग फळ्यावर लिहायचो. तक्त्यातली 'अनास्था' खोडून समासात लिहिलं: शिक्षक पाठ करून बोलतो.

साहेब आले तेव्हा मी दवंडी दिली नाही. घरोघरी जाऊन बोलावलं. तरीही दारात येऊन उभी राहिली ती एकटी त्या मुलीची आईच.

"हे कारण छापलेलं नाही," साहेब म्हणाले.

"पण खरं आहे."

"तुमच्या नोकरीवर येईल."

"येऊ द्या."

त्यांनी पान चघळत, तक्त्यातून डोकं वर न काढता मुलीला विचारलं, "सात सत्ते?" मुलगी गप्प. साहेबांनी पेन्सिलीनं तिच्या नावापुढं 'मंदबुद्धी'खाली बारीक रेघ ओढली.

"साहेब," आई दारातूनच म्हणाली, "पान थुका आन् पोरीकडं पाहून इचारा."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. साहेब उठले, बाहेर जाऊन थुंकले, चूळ भरली. परत आले ते मुलीसमोर वाकून उभे राहिले आणि तोच पाढा विचारला. तिनं पाटीवर एकोणपन्नास लिहिलं. आणखी दोन विचारले, तेही लिहिले.

साहेबांनी रबरानं रेघ पुसली. समासातलं माझं वाक्यही पुसलं. "हे मी पाहिलं नाही," म्हणाले. तक्ता पाठवण्याआधी मी ते पुन्हा लिहिलं, या वेळी शाईनं.

"म्हंजे आता तिसरीत जाईल ना?" आईनं विचारलं.

"जाईल."

"मंग मी जातो. निंदण राह्यलं हाय," ती म्हणाली आणि शेताकडं निघाली.