पंच्याखालचे पापड

संध्याकाळी आमच्या कारखान्यात पापडांच्या चळती ओलसर पंच्याखाली निवांत पडलेल्या असतात. त्या पाहत मी उगाच रेंगाळतो.

दुकानांत पापड मोडके पोचायचे, तेव्हा सगळ्यांनी पॅकिंगच्या बायकांना बोल लावला. जिथे मोडतं तिथेच दोष शोधायची आपल्याला केवढी घाई असते. कारखाना चालवणारी माझी बायको शैला मात्र दिवसभर पापडामागे हिंडली, पोळपाटापासून टेम्पोपर्यंत.

"बायकांचं काही चुकत नाही," ती म्हणाली. "टेम्पो दुपारी चारला येतो, म्हणून उन्हातला कडक पापड तसाच पिशवीत जातो. त्याला जरा नरम पडू द्या."

तिने फक्त टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावला.

आता पाहुण्यांना मी आधी या चळती दाखवतो. ते विचारतात, "इथे तर काहीच चाललेलं नाही?"

"हो," मी म्हणतो, "हे शैलानं केलंय."