माझ्या डोहाळ्यांचं चूर्ण

आमच्या नागभीडकडे तिसरा महिना उलटेपर्यंत दिवस गेल्याचं कोणाला सांगत नाहीत. मागच्या खेपेला मी घाईघाईने अख्ख्या ऑफिसात पेढे वाटून बसलो, आणि पुढे तो गर्भ टिकला नाही. पेढ्यांनी असं काही होत नसतं, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. तरी या खेपेला बायकोने बजावलं, "दोन्हीकडच्या मायले बी सांगाचं नाई. अन् तुमी तं तोंडच उघडू नका."

तोंड मी उघडलं नाही. पण नुसतं बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. तिला फोडणीचा वास आला की उलटी. ग्रामीण रुग्णालयातून मिळालेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ती नेमाने घ्यायची. एवढ्याशा गोळीने काय होणार, असं मला वाटे. मोबाईलवर शतावरीचे, गर्भसंस्काराचे इतके व्हिडिओ पाहिले होते की मी अर्धा वैद्य झालोच होतो. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबच्या गावचा आठवडी बाजार गाठला. तिथे एक जडीबुटीवाला बसतो.

शतावरीचं नाव ओठांवर आलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन भाऊ, इथी कुठी?" आमच्याच ऑफिसातले बाबू, हातात वांग्यांची पिशवी.

"कोणाले पाह्यजे दवा?" जडीबुटीवाल्याने विचारलं.

"मले," मी म्हणालो.

"काय होते?"

रोज घरी जे पाहत होतो तेच सांगून टाकलं. "सकाळी मळमळते. वासानं उलटी येते. गरगरते. चिंच खावाशी वाटते."

बाबूंनी डोळे बारीक केले. "भाऊ, तुमी तं पोटुशा बाईवानी सांगून राह्यले!"

जडीबुटीवाला मात्र गंभीर. माझ्या सुटलेल्या पोटात बोट रुतवून म्हणाला, "मळ साचला जी. कोठा साफ करा लागते." सोनामुखीची पानं आणि आणखी कसलीशी मुळी कुटून त्याने पुडी बांधली. मी हळूच विचारलं, "घरच्यायनं घेतलं तं चालन?"

"घरच्यायले कायले? पोट तं तुमचं हाये!"

आता बाबूंसमोर काय बोलणार? झाडपाल्याचं औषध, लागू पडलं तर पडलं, नाही तर अपाय तरी कसला, असा विचार करत पुडी घेऊन घरी आलो आणि गुपित कसं राखलं ते बायकोला ऐटीत ऐकवलं.

तिने पुडी हुंगली. "म्हंजे रोग तुमचा सांगितला, अन् दवा मी घेऊ?"

"अवं, झाडपाल्याचं हाये. काई होत नाई."

"मंग पयले तुमीच घ्या."

तिच्यासमोर शूरासारखे दोन चमचे गरम पाण्याबरोबर घेतले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या खुर्चीला माझा सहवास फारसा लाभला नाही. दर वेळी परतताना बाबू विचारायचे, "लागू पडली का जी दवा?" सगळे हसत होते, मीही हसत होतो. मग संडासाच्या भिंतीला टेकून बसलो असताना मनात आलं, ती भोळी असती तर हे दोन चमचे तिच्या पोटात गेले असते. मागच्या खेपेनंतर महिनाभर ती कोणाशी बोलली नव्हती. मला दरदरून घाम फुटला, आणि तो काही चूर्णाचा नव्हता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला घेऊन, पुडीसकट, रुग्णालयात गेलो. सगळी कहाणी ऐकताना डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "हा कडक जुलाब आहे. या दिवसांत तिला हा द्यायचाच नाही. शतावरी असो की आणखी काही, मला विचारल्याशिवाय काही आणू नका. गोळी चालू ठेवा, थोडं थोडं खायला द्या."

सोनोग्राफीच्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता. "हे ठोके," त्या म्हणाल्या. बायकोने माझी बाही घट्ट धरली, आणि बराच वेळ सोडलीच नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने आपणहून आईला फोन लावला. "आता नाई लपवत," ती मला म्हणाली. "लपवालपवीत तुमी काईबी आणून देता."

सासूबाई आधी रडल्या. मग फोनमधून त्यांचा दणदणीत आवाज आला, "कोनाची जडीबुटी तं नाई ना घेतली?"

"मी नाई घेतली."

"मंग कोनं घेतली?"

मी औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.