बोललं तर गुण जातो

त्या बुवाचा राग मी नीट जपून ठेवला आहे. झालं गेलं सोडून द्यावं, असं मला सांगणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना चहा पाजते आणि वाटेला लावते.

मी आदिलाबादला कचेरीत कारकून आहे. सकाळी खुर्चीत बसले की संध्याकाळीच उठायचं, पाणी कमी प्यायचं, कारण बायकांच्या संडासाची किल्ली कायम हरवलेली. शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा मी फक्त एका माणसाला सांगितलं, माझ्या थोरल्या जाऊबाईंना. त्या बेल्याजवळच्या आमच्या गावी राहतात, कापसाचं शेत सांभाळतात. त्या म्हणाल्या, शेजारच्या गावात एक बुवा मूळव्याधीवर औषध देतो, पैसा घेत नाही, नुसता नारळ घेतो. पैसा घेत नाही म्हटल्यावर मलाही तो खरा वाटला.

रविवारी सकाळी उपाशीपोटी गेलो. बुवानं कसल्याशा मुळीचा लगदा गुळात घालून दिला आणि हातात नारळ धरून बजावलं, "सव्वा महिना कोणापाशी बोलाचं नाई. नवऱ्यापाशी नाई, डॉक्टरपाशी तं नाईच नाई. बोललं तं गुण जाते."

आता त्यातली लबाडी बघा. बरं वाटलं तर बुवाचं औषध, नाही वाटलं तर तुम्हीच कुठंतरी तोंड उघडलं असणार. मी पदवीधर बाई. एका सहीसाठी लोकांना तीन हेलपाटे घालायला लावणारी. आणि मी शहाणी तोंडाला कुलूप लावून बसले. रक्त पडतच होतं. एक महिना झाला, तशी जिना चढताना धाप लागायला लागली. तरी मी दिवस मोजत होते.

एका दुपारी हातात फाईल घेऊन उठले आणि तिथंच कोसळले. आमच्या शिपाईबाई, तेलुगू, धावत आल्या. "एमैंदम्मा, एमैंदी?" काय झालं हे त्यांनी चारदा विचारलं आणि मी चारदा "काही नाही" म्हटलं. त्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान, पण तिनं मला फैलावर घेतलं. बोटानं आणि छोट्या नळीनं तपासलं, दोन मिनिटांचं काम. मग म्हणाली, मूळव्याध आहे, आणि बहुतेकांना कापाकापी लागतच नाही. भाजीपाला, कोंड्यासकट भाकरी, भरपूर पाणी, कोमट पाण्याच्या टबात बसणं, संडासात मोबाइल घेऊन तास काढायचा नाही, शौच मऊ होण्याचं औषध. तेवढ्यानं भागलं नाही तर मोडाच्या बुडाशी बारीक रबर चढवतात, तो मोड आपोआप गळून पडतो. ऑपरेशन थोड्यांनाच. "पण रक्त दिसलं की ते मूळव्याधीचंच, हे घरी बसून ठरवायचं नाही. एकदा दाखवायचं. थांबत नसेल, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, तर लवकर यायचं. शौच डांबरासारखं काळं झालं, खूप रक्त गेलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी." मला दोनदा रबर चढवला आणि मी बरी झाले. इतकं सोपं होतं ते. तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा.

मी ठरवलं, बुवाला त्याच्याच ओसरीवर उघडं पाडायचं. आणि त्याच्याकडे नेणाऱ्या जाऊबाईंनाही नंतर सोडायचं नाही.

रविवारी गेले. ओसरीवर आठ-दहा माणसं एका कुल्ल्यावर भार देऊन बसलेली, बायकांचे पदर नाकापर्यंत. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी मधोमध बसले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "मले मुयव्याध झाली होती. या बुवाचं औषध खाल्लं, सव्वा महिना गप बसली अन् मराले टेकली." मग किती रक्त गेलं, डॉक्टरनं कुठं बोट घातलं, सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही.

बुवा उठलाच. "ओ बाई, तोंड आवर! साऱ्याईचा गुण जाईन तुह्यानं!"

"गुण आला कवा होता, बुवा, जाले?"

एक म्हातारा फसकन हसला आणि नारळ उचलून चालता झाला. मला फार बरं वाटलं. बुवाचा उतरलेला चेहरा बघत मी मान फिरवली, तर भिंतीशी एक बाई उठायला धडपडत होती. पदर खाली ओढलेला, पण ते हात मी ओळखले. जाऊबाई होत्या.

बाहेर चिंचेखाली त्यांना गाठलं. पाच वर्षांपासून त्याही याच दुखण्यासाठी तिथं येत होत्या. गुण नव्हताच.

"मंग मले काऊन आणलं इथं?" मी ओरडलेच.

"मी एक डाव तुह्या भासऱ्यापाशी बोलली होती वं," त्या म्हणाल्या. भासरा म्हणजे माझा थोरला दीर, त्यांचा नवरा. "त्यानंच माहा गुण गेला. मले वाटलं, तू नाई बोलनार, तुले तरी गुण येईन."

माझा त्यांच्यावरचा राग तिथंच संपला. तो सगळा बुवाच्या वाट्याला गेला.

सोमवारी त्यांना त्याच डॉक्टरीणबाईकडे नेलं. त्या आधी बोलेनात, माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "बोला बाई." मग बोलल्या, पाच वर्षांचं सगळं, शेवटच्या काही महिन्यांत अंग उतरल्याचंसुद्धा. तपासताना डॉक्टरीणबाईचा हात थांबला. तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला: आधी मूळव्याध असेलही, पण आता होता तो कॅन्सर. नागपूरला जायला सांगितलं, आधी किरणांचा शेक, मग ऑपरेशन. आशा आहे, म्हणाली.

नागपूरच्या बसमध्ये बसवताना जाऊबाईंनी खिडकीतून माझा हात धरला आणि आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "मी त्या डॉक्टरनीले समदं सांगून टाकलं, म्हणून तं नाई ना वं झालं हे?"

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. बस गेली.

तेव्हापासून रविवार आला की मी त्या ओसरीवर जाऊन बसते, आणि त्यांची गोष्ट मोठ्यानं सांगते.