फोटो करून देणारे काका

कुणाच्याही घरी गेले की काका आधी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोला हात जोडायचे, मग चष्मा कपाळावर सरकवून इतके जवळ जायचे की नाक काचेला टेकेल. घरच्यांना वाटायचं, केवढी ही माया! काका कान बघत असायचे. "इथे कानामागे जरा राहिलंय," असं पुटपुटून मगच ते चहाला बसायचे.

कारण तो फोटो त्यांनीच केलेला असायचा. नागरवाड्यातल्या मराठी घरांमधली कितीतरी गेलेली माणसं भिंतीवर चढली ती काकांच्या हातून. तुम्ही बडोद्याचे असाल तर तुमच्याही घरी त्यांचं एखादं काम असेल. कानामागे बघा एकदा.

काका रिफायनरीच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. फोटोचा नाद तरुणपणापासूनचा. माणूस गेलं की नेमका त्याचा एकट्याचा चांगला फोटो सापडत नाही, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. मग लोक कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन काकांकडे यायचे. काका त्यातून तेवढं माणूस अलगद बाहेर काढायचे, शेजारच्याचा खांदा पुसायचे, मागे फिकट आकाशी रंग भरायचे आणि तेराव्याच्या आत फोटो घरपोच करायचे. सुरू करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचे, "काय ठेवायचं, काय जाऊ द्यायचं?"

हा प्रश्न विचारायला ते शिकले पाणीगेटच्या एका घरात. तिथल्या गृहस्थांचा एकुलता एक धड फोटो आइस्क्रीम खातानाचा होता. काकांनी मोठ्या कौशल्याने हातातला कप काढून टाकला. फोटो बघून त्या गृहस्थांची बायको म्हणाली, "कप का हो काढलात? ते हसायचेच आइस्क्रीम खाताना." काका घरी गेले आणि कप परत आणला. आजही त्या घरात एक गृहस्थ गळ्यात हार आणि हातात कप घेऊन प्रसन्न हसत बसले आहेत.

माझं संगणक दुरुस्तीचं दुकान काकांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. त्यांचा जुना संगणक मीच पंधरा वर्षं जगवला होता. शेवटी तो सुरू व्हायलाच अर्धा तास घ्यायला लागला, तेव्हा मीच मागे लागून नवा घ्यायला लावला. घोळ तिथून सुरू झाला. फोटोचं काम करायचं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर एका सीडीवर होतं. नव्या संगणकाला सीडी घालायला जागाच नव्हती. मी दुसरीकडून उतरवून दिलं, तर ते या संगणकावर उघडेना.

"काही नाही, नवं बघू," मी म्हटलं. "शंभर आहेत."

"शंभर? मग नीट बघूनच घेऊ. उतावळ कसली, दीकरा?"

दीकरा म्हणजे बाळ, मुलगी असली तरी. उतावळ म्हणजे घाई. बडोद्यात आम्हाला घाई होत नाही, उतावळ होते. काकांना तीही व्हायची नाही.

मग आमची परीक्षा सुरू झाली. मी एकेक सॉफ्टवेअर महिनाभराच्या चाचणीसाठी घालून द्यायचे आणि काका ड्रॉइंग ऑफिसातल्या शिस्तीने त्याला गुण द्यायचे. केसांना पंचवीस, कानाला पंचवीस, रंगाला पंचवीस, वागणुकीला पंचवीस. पहिल्याने एका आजीबाईंच्या सुरकुत्या न विचारता घालवल्या. "ही तर आपल्याच नातसुनेसारखी दिसायला लागली," म्हणून काकांनी त्याला वागणुकीत शून्य दिलं. दुसऱ्याला दरमहा भाडं होतं. "आणि भाडं भरायचं राहिलं त्याच दिवशी कुणी गेलं म्हणजे?" या मुद्द्यावर तेही नापास. तिसरं उत्तम होतं, पण विकत घेईपर्यंत ते प्रत्येक फोटोवर आपलं नाव आडवं छापायचं. विकत घ्या म्हटलं तर काका म्हणाले, "जरा अजून पाहू."

असे सात महिने गेले. मी दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांच्या नकला करून दाखवायचे. आज त्याची लाज वाटते.

एका सकाळी काकू एकट्याच दुकानात आल्या. त्यांचं हृदय दुबळं झालंय हे मला माहीत होतं, पण दोन गल्ल्या चालून त्यांना इतका दम लागेल असं वाटलं नव्हतं. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तू त्यांना ते काय ते एकदाचं ठरवून दे गं."

"मी कधीची देतेय, काकू. त्यांनाच पसंत पडत नाही."

"मला माझा फोटो बघायचाय."

मला कळेना. "कुठला फोटो?"

"कुठला म्हणजे? भिंतीवरचा," काकू अगदी सहज म्हणाल्या. "सगळ्या गावातल्या बायका त्यांनी छान करून दिल्या. पण एकीलाही स्वतःला बघता आलं नाही. मला बघायचाय. ते म्हणतात, जिवंत माणसाचा करत नाहीत, अपशकुन असतो. मग म्हणतात, सॉफ्टवेअर ठरलं की करू. डॉक्टर काय बोलले ते मी ऐकलंय. फार दिवस नाहीत माझ्याकडे."

सात महिने मी काय खेळ खेळत होते ते मला तेव्हा कळलं. त्याच दिवशी त्यांच्या घरी गेले आणि एक फुकटचं, भाडं नसलेलं, नाव न छापणारं सॉफ्टवेअर काकांच्या संगणकावर घालून दिलं. "हे शेवटचं. आता परीक्षा बंद."

"पाहू. उतावळ कसली?"

"काका, काकूंना आहे उतावळ."

काका बराच वेळ माउसवरची नसलेली धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "ती काय, काहीही बोलते."

त्यानंतर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाले, केस नीट निघत नाहीत, सवय व्हायला वेळ लागेल. तिसऱ्यांदा फोन त्यांचाच आला. काकू पहाटे गेल्या होत्या.

तेराव्याला सगळा नागरवाडा लोटला होता. ज्यांच्या ज्यांच्या घरी काकांनी फोटो करून दिले होते ते सगळे. पाणीगेटच्या त्या बाईसुद्धा आल्या होत्या. आणि पाटावर हार घालून काय ठेवलं होतं? काकूंच्या पासबुकावरचा फोटो, कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून मोठा करून आणलेला. चेहरा धुरकट, कान दिसतच नव्हते. लोक नमस्कार करत होते आणि नजर वळवत होते.

मला राग आवरला नाही. माणसं पांगल्यावर मी म्हटलं, "काका, सगळ्या गावाचे केलेत. त्यांनी एक मागितला होता तुमच्याकडे. एक."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमलं नाही, दीकरा."

"जमवायचंच नव्हतं तुम्हाला," मी म्हटलं आणि निघून आले.

हे मी बोलले. बोलायला नको होतं.

पुढे त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना काका स्वतः संगणक माझ्या दुकानात ठेवून गेले. "नवाच आहे, कुणालातरी उपयोगी पडेल," एवढंच म्हणाले. मीही नीट बोलले नाही. यंदाच्या थंडीत मुलीचा फोन आला, काका गेले म्हणून. नागरवाड्यात आता कुणी गेलं की लोक माझ्याकडे येतात. मला काकांसारखं येत नाही.

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीला संगणक हवा होता, म्हणून काकांचा काढला. पुसण्याआधी आत काय आहे ते बघितलं. काकूंच्या नावाचा एक फोल्डर होता.

आम्ही पारखलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी काकूंचा फोटो केला होता. पहिला केला तेव्हा नव्या संगणकाला आठवडाही झाला नव्हता. काकू तेव्हा स्वतः भाजी आणायला जायच्या. कुठल्या तरी लग्नात काढलेला फोटो, पदर सावरत त्या कॅमेरा धरणाऱ्याकडे बघून हसताहेत. एकेक बट सुटी केलेली. कान स्वच्छ. सुरकुती एकही घालवलेली नाही.

शेवटचा मी दिलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला होता, फ्रेमच्या मापात, छापायला तयार. तारीख बघितली. मी ते घालून दिलं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

त्या वेळी काकू शेजारच्या खोलीत होत्या. झोपलेल्याही नसणार. चारला त्या आतून चहासाठी हाक मारायच्या.