अर्लीन बीलची पलीकडची पुळण

आमच्या गावासमोर स्पर्लिंग बेट आहे. ओहोटीला समुद्र मागे सरला की बेटापर्यंत वाळू-गोट्यांचा एक दांडा उघडा पडतो आणि तीनेक तास माणसं त्यावरून चालत जातात-येतात. मग दोन्ही बाजूंनी पाणी येतं, आणि दांडा होता तिथून क्लेटन ऍली आपली लॉबस्टरची होडी आरामात नेतो. हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक आहे. ओहायोहून किंवा न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या माणसांना मात्र पाटी वाचूनही ते पटत नाही. आपला डबा खाऊन होईपर्यंत समुद्र जरा थांबेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

त्यांच्यासाठी अर्लीन बील आहे.

दांड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं शेवटचं घर तिचं. एकतीस वर्षांपूर्वी एका कुटुंबाने कोरी गाडी थेट दांड्यावर उभी केली आणि मंडळी बेटावर फिरायला गेली. परत आली तेव्हा गाडीचं फक्त छप्पर दिसत होतं. निथळत ती अर्लीनच्या दारात आली: फोन हवा, टॉवेल हवे, जमलं तर कॉफी हवी. त्याच आठवड्यात आणखी दोन टोळकी तशीच आली. "टॉवेल धुऊन धुऊन जीव गेला माझा," अर्लीन सांगते. "म्हटलं, त्यापेक्षा खाली जाऊन बसलेलं परवडलं."

मग तिने दांड्याच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी बांधली, शेजारी आपली खुर्ची टाकली आणि दोरीला शंभर लाकडी चिमटे लावले. बेटावर जाणाऱ्याने एक चिमटा काढून सदऱ्याला लावायचा, परत आला की दोरीला लावायचा. दोरी भरली की अर्लीन घरी. दांड्याच्या मध्यावर 'पाद्री' नावाचा काळा खडक आहे. त्याच्या पायाला पाणी लागलं की ती नवऱ्याच्या होडीवरचा जुना भोंगा तीनदा वाजवते. तिथून दांडा बुडायला चाळीस मिनिटं. तेवढ्यात जो येतो तो चालत येतो. जो येत नाही त्याला क्लेटन होडीतून आणतो, आणि काठावर अर्लीन वाट पाहत असते.

"कानांत काय घातलंय?" हा तिचा पहिला प्रश्न.

"खरंच ऐकू आलं नाही हो."

"तीनदा वाजवला! पलीकडच्या गावातली कुत्री भुंकली!"

एकतीस उन्हाळे हे असं चाललं. एका निवृत्त न्यायाधीशालाही तिने सोडलं नव्हतं. त्याने कोर्टातल्यासारखी बाजू मांडायला सुरुवात केली, तर तिने त्याच्या हातात टॉवेल ठेवून, "आधी पाय पूस," म्हणून सांगितलं.

माझी तिची ओळख काळजीतूनच झाली. माझा मुलगा निषाद तिसरीत असताना त्याचा वर्ग बेटावर गेला होता. मी परत यायच्या वेळेच्या दीड तास आधीच दांड्यापाशी येऊन उभी. अर्लीनने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरगं तिकडे आहे?"

"हो."

"पोहता येतं?"

"येतं, पण पाणी किती गार आहे, आणि तो गोट्यांवरून पळतो, आणि बाईंचं लक्ष..."

"बस," ती म्हणाली आणि बर्फाची पेटी पायाने माझ्याकडे सरकवली. तेव्हापासून त्या पेटीवर माझी जागा आहे. निषाद आता माझ्याहून उंच झाला. मी अजून बसते. वाचनालयाचं काम अकराला सुरू होतं, त्यामुळे सकाळची ओहोटी असली की मी खाली असतेच. इथे एकोणीस वर्षं झाली तरी गावाच्या लेखी मी बाहेरची, पण अर्लीनच्या शेजारी बसणारी बाहेरची, त्यामुळे जरा बरी.

या जुलैत तिच्या खुब्याने दगा दिला. डॉक्टरांनी वीस ऑगस्टची तारीख दिली. सांधा बदलायचा, आणि त्यानंतर वर्षभर गोट्यांवर चालायचं नाही. हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, बेटाकडे पाहत होती.

"तुला माहितीये, मी शेवटची पलीकडच्या पुळणीवर कधी गेले?"

"कधी?"

"बेचाळीस वर्षांची होते. गाडी बुडाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण हिशेब सरळ होता. दांडा उघडा असेल तेव्हा ती खुर्चीत, आणि ती मोकळी असेल तेव्हा दांडा पाण्याखाली, नाहीतर बर्फाखाली. बेटाची ती मोकळ्या समुद्राकडची पुळण हजारो लोक पाहून गेले, त्यांच्या गोट्यांनी भरलेल्या खिशांवरून अर्लीनने त्यांची टर उडवली, आणि तिने स्वतः ती एकतीस वर्षांत पाहिली नव्हती.

"ऑपरेशननंतर जा की. वर्षाने."

"वर्षाने मी पंचाहत्तर. नवा सांधा काय म्हणेल कोण जाणे. मला आत्ता जायचंय. पुढच्या गुरुवारी पावणेनऊची ओहोटी आहे, गर्दी कमी असेल. तू बस खुर्चीत."

"मी?"

"या गावात तुझ्याइतकी काळजी करणारी दुसरी बाई दाखव मला. चिमटे मोजायला असंच माणूस लागतं."

गुरुवारी सात वाजता ती आली. दोन काठ्या, पाठीवर पिशवी, पिशवीत कॉफी आणि काकवीचे डोनट. मी तिला टोपी दिली, पाण्याची बाटली दिली, गुडघ्याचा पट्टा दिला. पट्टा तिने परत केला. "खुबा दुखतोय, बाई. गुडघा नाही." चिमटाही घ्यायला तयार नव्हती. "मी कोण, ओहायोची आहे?" मी हट्टच धरला, तेव्हा एक काढून टोपीला लावला आणि निघाली. सव्वासातला दांडा जेमतेम उघडला होता. दर दहा पावलांवर थांबत, काठीने गोटे बाजूला सारत ती चालत होती. मागून आलेली माणसं तिच्या पुढे गेली. पाद्रीपाशी तिने वळून काठी हलवली. तिथून पुढे झाडीतली पायवाट, आणि मग पुळण. इतरांना सगळं मिळून चाळीस मिनिटं लागतात. तिला दीड तास धरला होता. जायला दीड, यायला दीड, म्हणजे बसायला वेळ जवळजवळ नव्हताच. हे मी तिला तीनदा सांगितलं होतं. "पाहून फिरेन," एवढंच तिने कबूल केलं होतं.

साडेनऊला पाद्रीच्या पायाला पाणी लागलं. मी भोंगा वाजवला. कुत्री घेऊन गेलेली दोन जोडपी आली. एक म्हातारे गृहस्थ आले. दोरीवर पाच चिमटे कमी. चार ओहायोच्या कोवाल्स्कींचे. नवरा, बायको, दोन मुली. याच कोवाल्स्कींना मंगळवारी क्लेटनने आणलं होतं आणि अर्लीनने त्यांच्या कानांची विचारपूस केली होती. पाचवा तिचा.

मी पुन्हा वाजवला. पुन्हा. माझ्या डोळ्यांसमोर ती झाडीत पडलेली, काठी एकीकडे, टोपी दुसरीकडे. मी दांड्यावर धावत सुटणार होते, पण अर्लीनचा नियम आहे: खुर्चीतल्याने दांड्यावर उतरायचं नाही, नाहीतर शोधायला एक माणूस वाढतं. नियमापायी मी उभ्या उभ्या घामाघूम झाले. अठराव्यांदा भोंगा वाजवून मी क्लेटनला फोन लावला.

"कोण अडकलंय?"

"कोवाल्स्की. आणि अर्लीन."

"पुन्हा बोल."

"अर्लीन. अर्लीन अडकलीये. तिला काही झालं असेल, क्लेटन!"

"अर्लीन बील," तो सावकाश म्हणाला, "भोंगा वाजल्यावर परत आली नाही. थांब, मी दाढी करून येतो. हा दिवस रोज येत नाही."

दाढी न करताच आला तो. तोवर दांडा बुडाला होता, खुर्चीचं काम संपलं होतं, म्हणून मीही होडीत चढले. बेटाला वळसा घालेपर्यंत मी काठावरचं एकेक झाड न्याहाळत होते. क्लेटन शीळ घालत होता, पण मशीन नेहमीपेक्षा जोरात सोडलं होतं हे मी पाहिलं.

पुळण दिसली आणि पहिल्यांदा मला अर्लीनचे पाय दिसले. पांढरे, गुडघ्यापर्यंत उघडे. पँट दुमडून ती ओंडक्याला टेकून बसली होती. शेजारी कोवाल्स्कींच्या मुली गोटे रंगांनुसार लावत होत्या. डोनटचा कागद रिकामा होता. लाट आली की पाणी गोट्यांत शिरे आणि मागे जाताना सगळी पुळण खडखडत समुद्राकडे घसरे. तो आवाज एवढा, की क्लेटनला होडीतून ओरडावं लागलं.

"कानांत काय घातलंय, अर्लीन?"

तिने वर पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. सूर्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वाजवलास?"

"अठरा वेळा."

"वारा कुठला होता?"

"वाराच नव्हता."

लाट आली, गेली, गोटे खडखडले. मग ती कोवाल्स्कींकडे वळली. "मंगळवारी तू खरं बोलत होतास."

"मी तेव्हाही तेच म्हणालो होतो," कोवाल्स्की म्हणाला.

"हो, पण तेव्हा मी तिकडे होते." आणि मग जरा खाली मान घालून, "त्या न्यायाधीशालाही ऐकू आलं नसणार."

"कुणालाच आलं नसणार," क्लेटन म्हणाला. त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. "एकतीस वर्षं! मी तर आता गावभर..."

"तू आधी या लेकरांना होडीत घे. लहानी कुडकुडतेय."

चौघं चढली. मी अर्लीनला हात द्यायला वाकले, तर तिने हात मागे घेतला.

"मी संध्याकाळच्या ओहोटीला येईन. साडेसातला दांडा उघडतो, उजेड असतो तेव्हा."

"नऊ तास? ऊन आहे. खायला काही नाही. तुझी गोळी बाराची आहे. आणि परत चालायचंय, दीड तास, त्या खुब्याने..."

"चालेन. आत्ता घाईने चालायचं नाहीये ना. नऊ तास बसून मग चालायचंय." तिने पाय आणखी लांब केले. "मी ही जागा दोन मिनिटं बघून फिरणार होते. बघितली आणि उठावंसं वाटेना. एकतीस वर्षं लोकांना घाईने हाकललं मी इथून. अगं, इथून उठवत नाही माणसाला."

क्लेटनने आपला जेवणाचा डबा, पाणी आणि ताडपत्री किनाऱ्यावर टाकली. मी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"तूही बस," ती म्हणाली. "तिकडे जाऊन काळजी करशील, त्यापेक्षा इथे बसून कर."

मी वाचनालयाला आणि निषादला निरोप क्लेटनच्या तोंडी दिला. फ्रिजमध्ये राजमा आहे, गरम करून खा, गॅस बंद केलाय का ते दोनदा बघ. (क्लेटनने त्याला सांगितलं, "तुझी आई बेटावर राहतेय, राजमा तू बघ.") आणि बसले. अर्धा तास मी तिची गोळी, तिचा खुबा, माझा मुलगा यांचा पाळीपाळीने विचार केला. मग कधीतरी बूट काढले. पाणी बर्फासारखं होतं.

संध्याकाळी आम्ही दांड्यावरून आलो तेव्हा क्लेटनने अर्धं गाव गोळा केलं होतं आणि सगळ्यांनी एका सुरात अर्लीनला तिचाच प्रश्न विचारला. तिने ऐकून घेतला. सगळ्यांचा आवाज बसेपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "पलीकडे एक माणूस हवंय. वेळ झाली की लोकांना तोंडाने सांगायला. उद्यापासून मी बसते तिकडे. क्लेटन मला होडीने सोडेल."

"मी?" क्लेटन म्हणाला.

"सकाळी दाढी करून ये."

वीस ऑगस्टपर्यंत बारा ओहोट्या तिने त्या ओंडक्यापाशी काढल्या. मनगटाला घड्याळ बांधून, पाय पाण्याकडे करून. वेळ झाली की प्रत्येकाला जवळ जाऊन सांगत असे, ओरडत नसे. परतलेली माणसं मला सांगायची, पलीकडे एक फार गोड म्हातारी भेटली, आम्हाला पाच मिनिटं वाढवून दिली तिने. ती पाच मिनिटं मी अलीकडे बसून मोजत असे.