आवाज तुटता कामा नये

विठ्ठलवाडीत आमच्या बिल्डिंगला इंटरनेट पुरवणारा माणूस डोळे मिटून बोलतो. "चित्र अडकलं तर चालतं हो," तो नेहमी म्हणतो, "आवाज तुटता कामा नये."

परवा ऐन मॅचमध्ये माझा टीव्ही धुक्यात गेल्यासारखा झाला. भांडायलाच गच्चीवर गेलो. तो टाकीच्या सावलीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला.

"सगळ्यांचा स्पीड मीच कमी केलाय," तो डोळे न उघडता म्हणाला. "तुमच्या शेजारच्या काकू व्हिडिओ कॉलवर आहेत. बहीण सांगलीला हॉस्पिटलात आहे, आता फार दिवस नाहीत. अर्धा तास सांभाळून घ्या."

खाली येऊन मी टीव्ही बंद केला. भिंतीपलीकडे दोघी बहिणी भोंडल्याचं गाणं म्हणत होत्या. सांगलीचा आवाज अर्धा श्वास मागून येत होता, पण तुटत नव्हता. काकू प्रत्येक ओळीला त्याच्यासाठी थांबत होत्या.